पुण्यात काही दुकानदार क्रेडिट कार्ड का घेत नाहीत, किंवा २ टक्के जादा का मागतात?

सगळा खेळ एमडीआरचा (मर्चंट डिस्काउंट रेट, म्हणजे कार्ड घेतल्याबद्दल दुकानदाराला बसणारा चार्ज) आहे. कार्ड घासलं की दुकानदाराची बँक आपला चार्ज कापून उरलेले पैसे त्याच्या खात्यात टाकते. क्रेडिट कार्डाला तो साधारण दीड ते तीन टक्के बसतो, वर त्या चार्जवर १८ टक्के जीएसटी. आता ५० हजारांचा लॅपटॉप धरा, २ टक्क्यांनी हजार रुपये गेले, जीएसटीचे १८० वेगळे, आणि तापकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) घासाघीस करून तुम्ही आधीच त्याचं मार्जिन पिळून काढलेलं असतं, मग तो म्हणतो कॅश द्या नाहीतर जीपे करा, त्याचंही फार चुकत नाही म्हणा. अमेरिकन एक्सप्रेसचा रेट बहुतेक वेळा व्हिसा-मास्टरकार्डपेक्षा जास्त, म्हणून ते दिसलं की "दुसरं आहे का?"

डेबिटचं वेगळं. तिथे आरबीआयने २०१८ पासून कमाल ०.९० टक्के लिमिट घातलंय, आणि तो चार्ज गिऱ्हाइकाकडून घ्यायचा नाही असंही सांगितलंय, त्यामुळे डेबिटवर कोणी २ टक्के मागितले तर सरळ भांडा. रुपे डेबिट आणि साधं, बँक खात्यातून होणारं यूपीआय तर जानेवारी २०२० पासून झिरो. क्रेडिटला असं लिमिटच नाहीये.

रुपे क्रेडिट कार्ड असेल तर यूपीआयला लिंक करून क्यूआर स्कॅन करा, छोट्या दुकानदाराला २००० रुपयांपर्यंत चार्ज बसत नाही. मोठ्या खरेदीला मात्र भाव ठरवायच्या आधीच "कार्डवर वरती काही लागणार नाही ना?" विचारून घ्या, बिल फाडल्यावर नको.