हेरोकूवर अपलोड केलेले फोटो दुसऱ्या दिवशी गायब का होतात?

हेरोकूवर (ॲप चालवून देणारी क्लाउड सेवा) ठेवलेल्या जँगो (पायथॉनमधलं वेब फ्रेमवर्क) ॲपमध्ये फोटो चढतो, दिसतो आणि दुसऱ्या दिवशी ४०४ (फाइल सापडली नाही) येतो, असं तुम्ही म्हणताय. मॉडेल (डेटाबेसातल्या नोंदींचा कोड) तपासत बसू नका. हेरोकूच्या डायनोची (ज्या कंटेनरमध्ये तुमचं ॲप चालतं त्याची) डिस्क तात्पुरती असते. डायनो दिवसातून एकदा तरी नव्याने सुरू होतो, नवा कोड चढवला तरीही होतो, आणि डिस्कवरच्या अपलोड पुसल्या जातात. डेटाबेसात नुसतं फाइलचं नाव उरतं.

फाइली ॲमेझॉन एस३वर (फाइली कायम साठवणारी ॲमेझॉनची सेवा) ठेवा. तिथे बकेट (फाइली ठेवायची जागा) बनवा, जँगो-स्टोरेजेस आणि बोटो३ (जँगोला एस३शी जोडणाऱ्या पायथॉन लायब्ररी) बसवा, मग सेटिंग्जमधल्या 'स्टोरेजेस' डिक्शनरीत 'डिफॉल्ट'ला एस३चा बॅकएंड द्या. जुन्या लेखांतलं 'डिफॉल्ट फाइल स्टोरेज' हे सेटिंग जँगो ५.१मध्ये काढून टाकलंय. ते लिहिलंत तर एररही येत नाही, फाइली गुपचूप डिस्कवरच जात राहतात! (माझा अख्खा रविवार यातच गेला.)

ॲमेझॉनच्या किल्ल्या (ॲक्सेस की) हेरोकूच्या कॉन्फिग व्हार्समध्ये (कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंग्ज) ठेवा, गिटमध्ये (कोड साठवतो तिथे) अजिबात नको. बकेट सगळ्यांना खुली करायची गरज नाही. जँगो-स्टोरेजेस सही केलेले दुवे (ठरावीक वेळच उघडणाऱ्या लिंक) देते, सेटिंग बदललं नाही तर ते तासाभरच चालतात. त्यामुळे दुवा डेटाबेसात साठवू नका, दरवेळी नवा मागा.

गेलेले फोटो मात्र वापरकर्त्यांकडूनच पुन्हा घ्यावे लागतील.