माधवनचा ‘१३बी’ विस्मरणात का गेला? भुताचे चित्रपट न आवडणाऱ्याने तो पाहावा का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: माधवनचा २००९ सालचा ‘१३बी’ इतका दुर्लक्षित का राहिला, आणि ज्याला भुताखेतांचे चित्रपट मुळीच रुचत नाहीत त्याने तो आज पाहावा का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. पाहावा, आणि शेवटपर्यंत पाहावा. ‘शेवटपर्यंत’ या शब्दावर माझा एवढा भर का आहे, हे सांगायचे तर मला माझ्या मामांविषयी लिहावे लागेल, कारण या चित्रपटावरून त्यांच्याशी झालेला वाद मी तेव्हा हरलो होतो आणि तो इतक्या वर्षांनंतरही माझ्या मनात मिटलेला नाही.

चित्रपट कसा पाहावा हे मला मामांनीच शिकवले. ते फिल्म सोसायटीचे जुने सभासद होते. शाळेत असताना ते मला सोबत नेत, आणि घरी परतताना मी काय पाहिले हे विचारत. ‘आवडला’ किंवा ‘नाही आवडला’ हे उत्तर त्यांना चालत नसे. रहस्यपटांवर त्यांचे विशेष प्रेम होते. उलगड्यासाठी लागणारे सगळे धागे प्रेक्षकासमोर आधीच पडलेले असले पाहिजेत, शेवटी खिशातून काढलेली किल्ली चालणार नाही, हा त्यांचा दंडक मी आजही मानतो. ‘१३बी’ मार्च २००९ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा मला नोकरी लागून जेमतेम वर्ष झाले होते आणि मामांना स्वतःच्या पैशाने चित्रपट दाखवण्याची ती माझी पहिलीच वेळ होती. चित्रपट मी निवडला होता, म्हणून त्याचे यशापयश मला स्वतःचे वाटत होते.

मध्यंतरात मामा उठले आणि परत आत आले नाहीत. मी बाहेर जाऊन पाहिले तर ते घरी जायला निघाले होते. “दूध नासतं, लिफ्ट चालत नाही, भिंतीत खिळा बसत नाही. हे पाहायला तू मला आणलंस?” एवढेच ते म्हणाले. मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. उरलेला चित्रपट मी दुसऱ्या दिवशी एकट्याने जाऊन पाहिला. पण त्याच रात्री जेवताना सगळ्यांसमोर मामांनी त्याचा निकाल लावून टाकला होता. रहस्यात भूत आणले की लेखकाची जबाबदारी संपते, असे त्यांचे म्हणणे होते; भूत काहीही करू शकते, म्हणून काहीही घडू शकते, आणि जिथे काहीही घडू शकते तिथे उत्कंठा कसली? मला उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर त्यांच्यासमोर बोलण्याचे धाडसही झाले नाही.

ते उत्तर मी आता देतो आहे. विक्रम कुमार यांनी लिहून दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात भूत काहीही करू शकत नाही. त्याला नियम आहेत, आणि ते नियम पहिल्या भागात आपल्यासमोर एकेक करून मांडलेले आहेत. आठ माणसांचे एकत्र कुटुंब तेराव्या मजल्यावरच्या नव्या घरात राहायला येते. घरात रोज दूध नासते. लिफ्ट इतरांसाठी चालते, पण नायक मनोहर (माधवन) एकटा आत असला की हलत नाही. देवाच्या तसबिरीसाठी भिंतीत खिळा ठोकता येत नाही. मनोहरचे मोबाईलवर काढलेले छायाचित्र बाहेर नीट येते आणि या घरात वेडेवाकडे येते. यांपैकी एकाही प्रसंगात पांढऱ्या साडीतली बाई नाही, दार धाडकन आपटत नाही. प्रत्येक गोष्टीला दुसरे साधे कारण असू शकते, आणि मनोहरही आधी ते साधे कारणच शोधतो. मामांनी या सगळ्याला चमत्कारांची यादी मानले. माझ्या मते ते पुरावे होते, आणि मामांच्याच दंडकाप्रमाणे ते वेळेवर आपल्यासमोर ठेवलेले होते.

मग येते ती मालिका. दुपारी एक वाजता घरातल्या बायका ‘सब खैरियत’ नावाची नवी मालिका पाहू लागतात. तिच्यातले कुटुंबही आठ जणांचे आहे आणि तेही नुकतेच नव्या घरात आले आहे. मालिकेतली मुलगी परीक्षेत उत्तीर्ण होते, त्याच दिवशी मनोहरच्या बहिणीचा निकाल लागतो. मालिकेतल्या सुनेला दिवस जातात, इकडे मनोहरची बायको गरोदर असल्याचे कळते. सुरुवातीच्या सगळ्या बातम्या आनंदाच्या आहेत, आणि मला वाटते की लेखकाची सगळ्यात मोठी हुशारी इथेच आहे. अनिष्टाची चाहूल अनिष्टाने दिली असती तर मनोहरने दूरचित्रवाणी संच उचलून खाली फेकला असता. पण जी मालिका तुमच्या घरी पेढे वाटण्याचे प्रसंग आणते, ती बंद कोण करील? तो पुढचा भाग पाहण्यासाठी स्वतःच धडपडू लागतो, आणि त्याची ती ओढ भीतीत नेमकी कधी बदलते हे आपल्या ध्यानात येत नाही.

या भागाविषयी सगळ्यात नेमके वाक्य मी कोणत्याही परीक्षणात वाचलेले नाही. ते माझ्या आईने उच्चारले. दोनेक वर्षांनी चित्रपट दूरचित्रवाणीवर लागला होता आणि मी आईला शेजारी बसवून दाखवत होतो. घरात इतक्या बायका रोज ती मालिका पाहतात, मग ती आपल्याच घराची गोष्ट आहे हे एकीच्याही लक्षात कसे येत नाही, हा दोष मी मनातल्या मनात मान्य करून टाकला होता. आई म्हणाली, “अरे, त्यांना कसं कळेल? आम्हाला सगळ्याच मालिका आपल्या घरासारख्या वाटतात. त्याला कळलं, कारण तो कधी मालिका बघत नाही.” मी ज्याला दोष समजत होतो तो पटकथेचा कणा होता. २००० सालापासून सासू-सुनांच्या मालिकांनी देशातल्या घराघरांत जी जागा मिळवली होती, ती न समजता हा चित्रपट लिहिताच आला नसता. मामांकडे चित्रपटाचे ज्ञान होते, पण दुपारी एक वाजता घरात काय चालते याचे ज्ञान नव्हते, आणि ते माझ्याकडेही नव्हते.

या चित्रपटाला जपानी ‘रिंगू’ची नक्कल म्हणणारे लोक मला अनेकदा भेटले. दोन्हींत पडदा आहे, एवढ्यावरच त्यांचे म्हणणे उभे आहे. १९९८ च्या त्या चित्रपटात एक शापित चित्रफीत आहे, ती पाहणाऱ्याला सात दिवसांची मुदत आहे, आणि पडद्यातून बाहेर येणारी आकृती सर्वांच्या लक्षात राहिलेली आहे. ‘१३बी’मध्ये पडद्यातून कोणीही बाहेर येत नाही. उलट बाहेरचे कुटुंब हळूहळू आत ओढले जाते, आणि कोणते घर कोणत्या घराचे प्रतिबिंब आहे हा प्रश्न पडू लागतो. हे दोन्ही विचार परस्परांच्या उलट दिशेचे आहेत.

मामांनी न पाहिलेल्या उत्तरार्धात गोष्ट १९७७ सालापर्यंत मागे जाते. त्या जागी पूर्वी एक घर होते, त्यात दूरदर्शनवर बातम्या वाचणारी चित्रा आणि तिचे कुटुंब राहत होते, आणि त्या कुटुंबाची हत्या झाली होती. हा काळ मुद्दाम निवडलेला आहे, असे मला वाटते. दूरदर्शन १९७६ मध्ये आकाशवाणीपासून वेगळे झाले, रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आले. म्हणजे ही कृष्णधवल पडद्याची, एकाच वाहिनीची वर्षे आहेत. बातम्या वाचणारी बाई रोज ठरलेल्या वेळी हजारो अनोळखी घरांत येत असे आणि पाहणाऱ्याला ती आपल्याशीच बोलते आहे असे वाटू शके. चित्रपटातल्या अपराधाचे मूळ या एकतर्फी ओळखीत आहे. याहून जास्त सांगत नाही. मनोहर आणि त्याचा पोलीस मित्र (मुरली शर्मा यांनी ही भूमिका फार संयमाने केली आहे) या जुन्या प्रकरणाचा माग काढतात तेव्हा चित्रपट पूर्णपणे तपासकथा होतो. मृतांनी फक्त साक्ष दिलेली आहे; तिचा अर्थ जिवंत माणसांनाच लावावा लागतो, आणि तो त्यांच्याकडून एकदा चुकतोही. तुम्ही लक्ष देऊन पाहत असाल तर उत्तर तुमच्या डोळ्यांसमोर बराच वेळ वावरलेले असते. भूत आल्याने लेखकाची जबाबदारी संपली नाही. त्याला गुन्ह्याचा उलगडा करावा लागलाच, शिवाय भुताचे नियमही पाळावे लागले.

आपल्याकडे भयकथा आणि गूढकथा यांत भेद करतात, आणि ‘१३बी’ ही गूढकथा आहे. पी. सी. श्रीराम यांच्या छायाचित्रणाकडेही याच दृष्टीने पाहावे. घर अंधारे नाही. बराचसा भाग दिवसाउजेडी, भरल्या घरात, मुलांच्या गडबडीत घडतो.

तो दुर्लक्षित का राहिला, याविषयी माझे मत थोडक्यात सांगतो. नावावरून लोकांनी त्याला स्वस्त भयपटांच्या रांगेत बसवले. हिंदी प्रेक्षक भयपटाकडून काळी जादू आणि प्रणय यांची अपेक्षा करत होता, आणि इथे नायकाची मुख्य काळजी आई, बायको, भाऊ, वहिनी यांची आहे. तो हिंदीत आणि ‘यावरुम नलम’ या नावाने तमिळमध्येही झाला, त्यामुळे हिंदीवाल्यांना तो दक्षिणेतला वाटला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘थ्री इडियट्स’ आला आणि माधवनचे २००९ म्हटले की लोकांना तेवढेच आठवू लागले. शिवाय ज्यांनी तो मध्यंतरातच सोडला आणि तरीही ठामपणे मत दिले, त्यांचाही यात वाटा आहे. जाणकार म्हणून ज्यांचा शब्द मानला जातो अशा माणसांनी अर्धा चित्रपट पाहून पूर्ण निकाल देऊ नये.

आता त्याचे दोषही सांगतो. पहिल्या भागातली गाणी अनावश्यक आहेत आणि ती ताण सैल करतात. ती पुढे ढकलून पाहिलीत तरी काही बिघडणार नाही. उलगड्याच्या वेळी संवादांतून जरा जास्तच समजावून सांगितले आहे. मानसिक आजार असलेल्या माणसाला भीतीचे साधन म्हणून वापरण्याची जुनी खोड याही चित्रपटात आहे, आणि दीपक डोब्रियाल यांच्यासारखा समर्थ नट त्या भूमिकेत असूनही ते मला आज खटकते. शेवटी हातोड्याची हिंसा आहे. गर्भपाताचा एक प्रसंगही आहे. घरात कोणी त्या दुःखातून गेलेले असेल तर त्यांना आधी कल्पना द्या. माझ्या आईला मी ती दिली नव्हती, आणि त्या प्रसंगाला ती उठून स्वयंपाकघरात गेली. माझ्या जन्माआधी तिच्या बाबतीत असे घडले होते, हे मला त्या दिवशी कळले. थोड्या वेळाने ती परत येऊन बसली आणि तिने चित्रपट पूर्ण पाहिला.

पाहायचाच झाला तर तुकड्यातुकड्यांनी नको, एका बैठकीत पाहा. आवाज नीट ऐकू येईल अशी व्यवस्था करा, कारण यातली बरीच भीती दुसऱ्या खोलीत चालू असलेल्या मालिकेच्या आवाजात आहे. सचिन खेडेकर यांच्या कामाकडे लक्ष ठेवा. ते हिंदी आणि तमिळ दोन्ही आवृत्त्यांत आहेत. चित्रपट आवडला तर याच दिग्दर्शकाची २०२३ सालची ‘धूता’ ही तेलुगू मालिकाही पाहा. तिच्यात पुढे घडणाऱ्या गोष्टी वर्तमानपत्राच्या कात्रणांतून कळतात, म्हणजे छापलेल्या आणि प्रक्षेपित शब्दावर आपण किती सहज विश्वास ठेवतो हा त्यांचा विषय चौदा वर्षांनंतरही सुटलेला नव्हता.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. गेल्या दिवाळीत मी त्यांना चित्रपट पूर्ण पाहण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी मला विचारले, “ती लिफ्ट शेवटी चालते का रे?” म्हणजे पंधरा वर्षांहून अधिक काळ त्यांना ती लिफ्ट आठवत होती. मी उत्तर दिले नाही, आणि त्यांनी अजून चित्रपट पाहिलेला नाही. तुम्हीही तो पाहाल तेव्हा शेवटच्या लिफ्टच्या प्रसंगाआधी उठू नका.