ऑडिट सोडून एस-एलसीएच्या नोकरीसाठी परदेशी जाताय? थोडं लांबलचक उत्तर

कापड कारखान्यांत सामाजिक ऑडिट, म्हणजे कामगारांच्या परिस्थितीची तपासणी करताय, परदेशात एस-एलसीएचं, म्हणजे उत्पादनाच्या जीवनचक्राचं सामाजिक मूल्यमापन करायचं काम मिळतंय, मुलगा शाळेत आहे, तर जावं का, असं विचारलंत. व्हिसाचं दूतावासाच्या साइटवर आहे. या मूल्यमापनाची यूएनईपीची (संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाची) २०२० ची मार्गदर्शिका आणि २०२४ चं आयएसओ १४०७५ हे मानक तुम्ही वाचालच. त्यात नसलेलं सांगतो.

पहिले काही महिने कामगार दिसणारच नाही, दिसतील ते कामगार-तास. समजा एक शर्ट, ५० धुलायांपर्यंत वापरलेला, हे एकक धरलं. कापूस, सूत, विणाई, रंगाई, शिलाई, प्रत्येक टप्प्याला किती डॉलरचा माल लागला ते भरायचं. पीएसआयएलसीएसारखा सामाजिक धोक्यांचा डेटाबेस त्या देशातल्या त्या क्षेत्रात डॉलरमागे किती तास पडतात ते काढतो आणि धोक्याच्या पातळीने गुणतो: कमी ०.१, मध्यम १, जास्त १०, अतिजास्त १००. रंगाईचे ०.०२ तास अतिजास्त धोक्याचे असले तर २ येतात, शिलाईचे ०.५ तास कमी धोक्याचे असले तर ०.०५. म्हणजे निकाल रंगाईने ठरला. हे १० आणि १०० कुणी मोजून काढलेले नाहीत, ठरवून घेतलेले आहेत. अहवालात तसं स्पष्ट लिहा, साहेब लोक वगळायला सांगतात.

नवखे हमखास चुकतात ते भावात. दुकानातली किंमत भरली की कर आणि दुकानदाराचा नफाही तासांत मोजला जातो. उत्पादकाचा भाव घ्या, आणि डेटाबेसच्या पायाभूत वर्षाला आणून घ्या.

त्याहून वाईट खोच तासांतच आहे. यंत्र आणून निम्मी माणसं काढली की तास घटतात आणि सगळे धोके कागदावर कमी दिसतात. आलेख सुधारला म्हणून टाळ्या पडतात. तिथे तुम्हीच बोलायचं, कारण खोलीत दुसऱ्या कुणी कारखाना पाहिलेला नसतो.

आणि हे सगळं देशाच्या, क्षेत्राच्या सरासरीवर. ते फक्त कुठे बघायचं एवढं सांगतं. पुढे पुरवठादाराची माहिती लागते, आणि तिथे प्रश्नावल्यांचा जाच सुरू होतो. बालकामगार आहेत का? नाहीत. जादा काम? नाही. दोनशे प्रश्न, दोनशे गोड उत्तरं. तुम्हाला ठाऊक आहे की हजेरीत रविवार सुट्टीचा असतो आणि शिलाईयंत्राच्या तुटलेल्या सुया नोंदवायच्या वहीत त्याच रविवारची नोंद सापडते. ती वही मागवा. सोबत गुणवत्ता तपासणीच्या नोंदी आणि कंत्राटदाराची वेगळी हजेरी. मुलाखती आवाराबाहेर घ्या. गुण उणे २ ते अधिक २ या पट्टीवर देताना शून्य म्हणजे कायद्याचं किंवा मान्य मानकाचं पालन. पाळणाघराचे अधिक २ आणि सक्तीच्या ओव्हरटाइमचे उणे २ मिळवून शून्य करायचं नाही. हे करायला लावतील. करू नका.

शाळेचं. मुलगा गणितात हुशार असला तरी भाषा कच्ची म्हणून त्याला खालच्या वर्गात बसवू शकतात, आणि पुढची वाट त्यावरून ठरू शकते. हे अजून खुपतं, म्हणून सांगतो: निघण्याआधी वर्षभर भाषा शिकवा, आणि वर्ग कोण, कोणत्या चाचणीवर ठरवतो ते शाळेला लेखी विचारा. २०२० च्या मार्गदर्शिकेत बालकांचा स्वतंत्र गट आला, त्यात स्थानिक शिक्षण, ग्राहक म्हणून आरोग्य आणि जाहिरातींचा परिणाम आहे. नोकरीपायी देश बदललेल्याचं मूल त्यात कुठे बसवायचं, मला कळलेलं नाही. स्थलांतर आहे, पण स्थानिक समाजाच्या रकान्यात. आपण तिथे इतरांवरचा परिणाम म्हणून मोजले जातो.

एकटेपणा? असतो. पुढे.

अनुभवपत्र आत्ताच नीट करून घ्या. ‘अधिकारी म्हणून काम केले’ एवढ्याने भागत नाही. किती ऑडिट, कोणत्या मानकानुसार, किती मुलाखती, वेतनपत्रकांची तपासणी, सगळं कंपनीच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी. नोकरी सोडल्यावर हाच कागद मिळवायला नाकी नऊ येतात. आणि ओपनएलसीए हे या कामाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, डेटाबेसला मात्र परवाना लागतो. तोवर एखाद्या उत्पादनाचे टप्पे आणि भाव हाताने मांडून ठेवा, मुलाखतीत तेच दाखवा.