आर्क वळवण्याच्या कामात करिअर होऊ शकतं का?

प्रश्न : मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डीसी वेल्डिंग मशीनवर सराव करताना प्लेटच्या टोकाशी आर्क एका बाजूला पळतो. सर म्हणाले, हे चुंबकीय बलामुळे होतं. पुढे वाचनात आलं की चुंबक लावून आर्क मुद्दामही हलवतात. मला यातच काम करायचंय. घरचे म्हणतात, वेल्डिंगमध्ये काय ठेवलंय? काय करू?

उत्तर : आर्क पळाला तेव्हा रॉड खराब आहे म्हणून तू मोकळा झाला नाहीस, कारण शोधलंस. हे फार महत्त्वाचं आहे.

आर्क म्हणजे वीज वाहून नेणारा तापलेला वायू. चुंबकीय क्षेत्रात वीज वाहणाऱ्या तारेवर बल कुठल्या दिशेने लागतं हे सांगणारा फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम तारेइतकाच त्यालाही लागू पडतो. फक्त तो हलका आणि मोकळा असल्यामुळे चटकन वाकतो. हम्फ्री डेव्हीने 1821 सालीच चुंबकाने आर्क वळवून दाखवला होता. तुझ्या प्लेटच्या टोकाशी चुंबकीय रेषा पोलादात दाटतात आणि आर्कला आत ढकलतात. हाच आर्क ब्लो. अर्थ क्लॅम्पची (मशीनची परतीची तार प्लेटला जोडणाऱ्या चिमट्याची) जागा बदलली, आर्क आखूड ठेवला, करंट कमी केला किंवा एसीवर गेलं की तो आटोक्यात येतो.

आता हेच बल कामाला लावलेलं बघ. टिग टॉर्चशेजारी (टंगस्टनच्या न वितळणाऱ्या टोकावरून आर्क काढणाऱ्या हत्याराशेजारी) विद्युतचुंबक बसवून त्याची ध्रुवता आलटून पालटून बदलली, की आर्क डावी-उजवीकडे झुलतो आणि अरुंद खाचेच्या दोन्ही भिंतींना उष्णता पोचते. दोन नळ्या टोकाला टोक जोडताना तर आर्क कडेवरून गरगर फिरवतात. कडा तापल्या की नळ्या एकमेकींवर दाबायच्या. काही सेकंदांत जोड तयार होतो, फिलर, म्हणजे वरून घालायचा धातू, लागत नाही. वाहनांच्या नळीदार भागांसाठी ही पद्धत वापरली जाते.

पण स्पष्ट सांगतो, फक्त ‘चुंबकीय आर्क नियंत्रण’ या कामासाठी जागा क्वचितच निघतात. जागा निघतात त्या वेल्डिंग इंजिनिअरच्या, वेल्डिंग ऑटोमेशनच्या, संशोधन विभागातल्या. तिथे शिरल्यावर हा विषय तुझ्या हाताशी येईल. म्हणून पदवी मेटलर्जी (धातुशास्त्र) किंवा प्रॉडक्शनची घे, असं माझं मत आहे. कॉइल, पॉवर सोर्स, कंट्रोल यांतच जीव रमत असेल तर इलेक्ट्रिकलही चालेल, मात्र मग धातूंचा अभ्यास स्वतःहून करावा लागेल. पदवीनंतर इंटरनॅशनल वेल्डिंग इंजिनिअर ही पात्रता मिळवता येते. अनेक देशांत तिला मान आहे. घरच्यांना हे सगळं दाखव. प्रेशर व्हेसल किंवा पाइपलाइनचा जोड कसा घालायचा हे कागदावर ठरवणारा आणि त्याची जबाबदारी घेणारा माणूसही वेल्डिंगमधलाच असतो, हे बहुतेक पालकांना ठाऊकच नसतं.

हातातला सराव मात्र सोडू नकोस. आर्क डोळ्यांनी ओळखता येत नसेल, तर कॉइल कुठे बसवायची हे कळणार नाही.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची तयारी आत्ताच सुरू कर. सरांच्या देखरेखीखाली करंट आणि आर्कची लांबी तीच ठेवून तीन बीड (वेल्डच्या सरळ रेघा) घाल : क्लॅम्प एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला, मग मधोमध. तेच ऑस्टेनिटिक स्टेनलेसच्या प्लेटवर कर. ती चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. प्रत्येक बीड आडवा काप, पॉलिश करून एच (etch) कर, म्हणजे वेल्डची हद्द दिसावी म्हणून रसायन लाव, आणि धातू कुठल्या बाजूला किती खोल वितळलाय ते मोज. फरक नीट पकडता आला, की टिग टॉर्चला छोटी कॉइल लावायची परवानगी माग.