गाडीतला रेडिओ खरखरतो तेव्हा: वाचकांचे प्रश्न

गाडीतल्या रेडिओबद्दल आलेले बहुतेक प्रश्न एकाच वाक्यावर येऊन थांबतात: ‘सेट बदलू का?’ माझं उत्तर बहुतेक वेळा ‘थांबा’ असंच असतं. सेट स्वतः क्वचित बिघडतो. खरखर येते ती अँटेनाच्या वाटेने किंवा बॅटरीकडून येणाऱ्या वायरींच्या वाटेने. यातली वाट कोणती हे ठरवलं की निम्मं काम झालं, आणि ते ठरवायला पाच मिनिटं पुरतात. सेटवर पैसे घालण्याआधी ही पाच मिनिटं द्या, एवढाच माझा आग्रह आहे.

गाडी सुरू केली की रेडिओत बारीक शिट्टी ऐकू येते. ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते, सोडला की उतरते. मेकॅनिक म्हणतो, अँटेना बदला. (पिंपरी)

अँटेना घेऊ नका. आधी रेडिओ बंद करून पेनड्राइव्हवरचं गाणं लावा आणि आवाज अगदी कमी ठेवा. शिट्टी तिथेही असेल तर तिचा रेडिओच्या लहरींशी काही संबंध नाही. पेनड्राइव्हवर नसेल आणि फक्त रेडिओवर असेल, तर सेट चौकटीतून पुढे ओढा, मागची अँटेनाची जाड पिन उपसा आणि पुन्हा ऐका. पिन काढल्यावर एफएमवर साधा फस्स आवाज येणारच, त्याकडे लक्ष देऊ नका. शिट्टी गेली का, एवढंच ऐका. गेली तर ती अँटेनाच्या वाटेने येत होती. राहिली तर वीजपुरवठ्यातून येते आहे.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी अखंड शिट्टी बहुधा अल्टरनेटरची असते. तुमच्याकडचे मेकॅनिक त्यालाच डायनॅमो म्हणत असतील. अल्टरनेटर आतून एसी वीज तयार करतो आणि त्यातले डायोड ती डीसी करतात. एखादा डायोड गेला की डीसीवर लहरी उरतात आणि त्या स्पीकरपर्यंत पोचतात. इंजिन चालू ठेवा, हेडलाइट आणि ब्लोअर लावा, मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावा. आकडा ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अल्टरनेटर ठीक आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर डायोड तपासून घ्या. एक सावधगिरी मात्र बाळगा. काही स्वस्त मीटर एसीच्या खाचेत ठेवले तरी डीसी मोजतात. वायरी उलट लावून पाहा. एका बाजूने पंचवीस-तीस आणि दुसऱ्या बाजूने शून्य दिसलं तर तो मीटर या कामाचा नाही.

अल्टरनेटर ठीक निघाला तर सेटची अर्थिंग, म्हणजे त्याच्या काळ्या वायरीचा गाडीच्या पत्र्याशी असलेला जोड, बघा. माझ्या अनुभवात दोष सर्वांत जास्त वेळा इथेच सापडतो. सेट बसवणारा घाईत काळी वायर डॅशबोर्डमागच्या एखाद्या रंगवलेल्या स्क्रूला गुंडाळून टाकतो. ती सोडवा, बॉडीचा उघडा पत्रा सापडेल तिथे रंग खरवडा आणि रिंग टर्मिनल लावून नटबोल्टने घट्ट आवळा. वेगळा ॲम्प्लिफायर असेल तर त्याची आणि सेटची अर्थिंग शक्यतो एकाच ठिकाणी घ्या. दोन अर्थिंगमध्ये थोडाही व्होल्टेजचा फरक पडला तर तोच शिट्टी होऊन ऐकू येतो. बाजारात मिळणारा नॉइज फिल्टर अगदी शेवटी लावा. अर्थिंग कच्ची ठेवून लावलेला फिल्टर फार काळ साथ देत नाही.

कंपनीचा सेट काढून मोठ्या स्क्रीनचा अँड्रॉइड सेट बसवला. आधी गावाबाहेर वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत स्टेशन लागायचं, आता नाक्यावरच जातं. पुणे विविध भारती तर शहरातही फाटकं लागतं. (हडपसर)

तुमच्या एका पत्रात दोन वेगळे दोष आहेत.

पहिला अँटेनाचा. छपरावरची आखूड काडी किंवा माशाच्या पंखासारखी अँटेना स्वतःच्या बळावर पुरेशी लहर पकडू शकत नाही. तिच्या बुडाशी एक छोटा ॲम्प्लिफायर असतो आणि त्याला १२ व्होल्ट लागतात. कंपनीचे कित्येक सेट ही वीज अँटेनाच्या वायरीतूनच वर पाठवतात. बाजारातला सेट ती पाठवत नाही. त्याच्यामागे अँटेनासाठी वेगळी निळी वायर असते, आणि बसवणारा ती बहुतेक वेळा टेप लावून तशीच सोडून देतो. मग वरचा ॲम्प्लिफायर उपाशी राहतो आणि जवळचं दणकट स्टेशन तेवढं लागतं. तुमच्या गाडीच्या अँटेनाच्या पिनेला बसणारा, वीज देणारा अँटेना अडॅप्टर घ्या आणि त्याची वायर सेटच्या निळ्या वायरीला जोडा. नवीन सेटच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. सेट बसवून घेतानाच ‘निळी वायर कुठे जोडली ते दाखवा’ असं दुकानात स्पष्ट विचारायला हवं.

दुसरा दोष सेटिंगमध्ये आहे. रेडिओच्या सेटिंगमध्ये देश किंवा प्रदेश निवडायची जागा शोधा. तिथे अमेरिका असेल तर सेट एफएमवर ०.२ मेगाहर्ट्झच्या उड्या मारतो: १००.७, १००.९, १०१.१. मुंबईचं एफएम गोल्ड १००.७ वर आहे, ते नीट लागतं. पुणे विविध भारती १०१.० वर आहे आणि या उड्यांमध्ये तो आकडा येतच नाही, म्हणून शेजारच्या आकड्यावर ते फाटकं ऐकू येतं. मध्यम लहरींवर (सेटवर ‘एएम’ लिहिलेलं असतं) तर याहून वाईट. आपल्याकडे स्टेशनांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं, अमेरिकेत १०. पुणे आकाशवाणी ७९२ वर आहे आणि अमेरिकी सेटिंगचा सेट ७९० वर थांबतो. आवाज घोगरा येतो आणि लोक आकाशवाणीला दोष देतात. प्रदेश आशिया, भारत किंवा युरोप करा. जपानहून आलेल्या गाडीच्या मूळ सेटचं दुखणं वेगळं आहे. जपानचा एफएम पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि जुने सेट ९० च्या आसपासच संपतात. तिथे सेटिंग बदलून काही होणार नाही.

आणखी एक बघा. सेटवर ‘लोकल’ नावाचं बटण असेल तर ते बंद ठेवा. ते चालू असताना शोध घेणारा सेट कमजोर स्टेशनं गाळून पुढे जातो.

डॅशकॅम लावल्यापासून काही स्टेशनांवर खरखर येते, काहींवर अजिबात नाही. (नाशिक)

कॅमेऱ्याचा चार्जर १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करतो. त्यासाठी तो सेकंदाला लाखो वेळा वीज चालू-बंद करतो, आणि या उघडझापीचे पडसाद वर एफएमच्या पट्ट्यापर्यंत पोचतात. म्हणून ठरावीक जागीच त्रास होतो. इंजिन बंद ठेवा, एखादं कमजोर स्टेशन लावा आणि चार्जर सॉकेटमधून काढा-घाला करा. मग कॅमेरा पॉवर बँकेवर चालवून पाहा. पॉवर बँकेवर खरखर गेली तर दोषी चार्जर, राहिली तर खुद्द कॅमेरा. चार्जर असेल तर चांगल्या प्रतीचा घ्या, सर्वांत स्वस्त नको.

वायर कुठून नेली आहे तेही बघा. ॲक्सेसरीजवाले कॅमेऱ्याची वायर काचेच्या बाजूच्या खांबात लपवतात. छपरावरच्या अँटेनाची वायरही बऱ्याच गाड्यांत त्याच खांबातून खाली येते. दोघी शेजारी-शेजारी धावल्या की त्रास ठरलेलाच. कॅमेऱ्याची वायर दुसऱ्या बाजूच्या खांबातून न्या आणि कॅमेऱ्याजवळ तिच्यावर फेराइटचा चिमटा (वायरीतून येणारा गोंगाट अडवणारं कडं) बसवून त्यातून वायरीचे तीन-चार वेढे घ्या.

हेडलाइटमध्ये बाहेरून एलईडी बल्ब बसवलेल्यांनाही हेच सांगणं आहे. दिवे लावले की खरखर आणि विझवले की शांतता असेल तर दोष त्या बल्बच्या ड्रायव्हरचा, म्हणजे त्याला वीज देणाऱ्या सर्किटचा आहे. एक रात्र जुने हॅलोजन लावून खात्री करून घ्या.

खंबाटकी घाटात रेडिओ जातो. जास्त ताकदीची अँटेना लावू का? (मालवाहतूक करणारे चालक, सातारा)

लावून उपयोग नाही. एफएमची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. डोंगर आड आला की ती अडते, आणि पोचतच नाही ती लहर वाढवून मिळत नाही. घाट उतरल्यावर पूर्वीसारखं लागत असेल तर तुमची गाडी ठीक आहे.

अशा रस्त्यांवर मी मध्यम लहरी लावायला सांगतो. पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास ३८० मीटर आहे, एफएमची फक्त ३ मीटर. लांब लहर जमिनीला धरून, डोंगराला वळसा घालून पोचते. बोगद्यात मात्र उलटं होतं. तिथे मध्यम लहर तोंडाशीच मरते, एफएम थोडं आतपर्यंत टिकतं. उच्चदाबाच्या तारांखालून जाताना मध्यम लहरीवर घूं असा आवाज येतो, तोही तुमच्या गाडीचा दोष नाही. रात्री दूरची स्टेशनं येऊन मिसळतात, कारण दिवसा या लहरी शोषून घेणारा वातावरणाचा वरचा थर सूर्य मावळल्यावर विरतो.

सिग्नलला थांबलं की रेडिओ फसफसतो, गाडी हातभर पुढे घेतली की साफ! (ठाणे)

उंच इमारतींवर आपटून आलेली लहर आणि थेट आलेली लहर काही ठिकाणी एकमेकींना मारतात. एफएमची लहर ३ मीटरची असल्याने अशा मेलेल्या जागेपासून पाऊण मीटर सरकलं तरी फरक पडतो. दुरुस्त करण्यासारखं काही नाही. सेटमध्ये स्टिरिओ बंद करून मोनो करायची सोय असेल तर ती वापरा. स्टिरिओला मोनोपेक्षा खूप जास्त दणकट लहर लागते, त्यामुळे मोनोवर फसफस बरीच कमी होते.

दर पावसाळ्यात रेडिओ कमजोर होतो, दिवाळीनंतर थोडा सुधारतो. अँटेना पुढच्या मडगार्डवर आहे. (रत्नागिरी)

अँटेनाच्या बुडात पाणी जातंय. कोकणात पाण्याबरोबर खारी हवाही असते. बुडाखालचा रबर कडक होऊन फाटतो, पत्र्याशी होणारी अर्थिंग गंजते आणि वायरीच्या आतल्या तारेवर हिरवा काट चढतो. उन्हात पाणी वाळतं म्हणून थोडं सुधारल्यासारखं वाटतं. काट तसाच राहतो आणि पुढच्या वर्षी वाढतो.

अँटेनाची पिन सेटमधून काढा. मल्टीमीटर जोड तपासायच्या (कंटिन्युइटी) खाचेत ठेवा, त्याचं एक टोक काडीला आणि दुसरं पिनेच्या मधल्या टोकाला लावा. जोड दिसला पाहिजे. मग पिनेचं मधलं टोक आणि बाहेरचं कडं यांच्यात मोजा. तिथे जोड दिसता कामा नये, दिसला तर आत पाणी किंवा शॉर्ट आहे. शेवटी बाहेरचं कडं आणि गाडीचा पत्रा यांच्यात मोजा, तिथे जोड हवाच. ही तपासणी फक्त साध्या काडीच्या अँटेनासाठी आहे. बुडात ॲम्प्लिफायर असलेल्या अँटेनाला ती लावू नका, आकडे फसवतील.

वायर आतून काळी-हिरवी झाली असेल तर तुकडे जोडत बसू नका, अँटेना वायरीसकट बदला. बसवताना खालचा पत्रा घासून उघडा करा, बोल्ट आवळा, आणि मग वरून ग्रीस व नवा रबर. काडी पाऊण मीटरच्या आसपासचीच घ्या. ही लांबी एफएमच्या लहरीच्या चौथ्या हिश्शाइतकी आहे. दिसायला छान म्हणून बोटभर काडी लावणाऱ्यांची स्टेशनं त्यामुळेच जातात. मासेमारीच्या बंदरांवर मालाच्या गाड्या चालवणारे वादळाचा इशारा अजून आकाशवाणीवर ऐकतात. त्यांनी हे काम मे महिन्यातच उरकावं.

इलेक्ट्रिक कारमध्ये मध्यम लहर लावली की गुणगुण येते. (नागपूर)

मोटरला वीज पुरवणारा इन्व्हर्टर मध्यम लहरींच्या पट्ट्यातच गोंगाट करतो. तो वेग बदलल्यावर बदलतो, यावरून ओळखू येईल. याच कारणाने परदेशात काही कंपन्यांनी इलेक्ट्रिक गाड्यांतून मध्यम लहरी काढल्या, आणि त्या राहाव्यात म्हणून अमेरिकेत २०२३ मध्ये विधेयक मांडलं गेलं. उच्चदाबाच्या केशरी वायरींना स्वतः हात लावू नका, त्यात जिवाचा धोका आहे. आधी तुम्ही नंतर बसवलेला चार्जर, दिवे वगैरे काढून पाहा. तरी राहिली तर सर्व्हिस सेंटरला लेखी तक्रार द्या. तोवर आकाशवाणीचं तेच केंद्र फोनवरच्या न्यूजऑनएअर ॲपवर ऐकता येईल.

वडिलांची जुनी पेट्रोल जीप उभी केली आहे. त्यात मूळचा मध्यम लहरींचा सेट आहे. इंजिन सुरू झालं की टकटक-टकटक. (कोल्हापूर)

ही ठिणगीची टकटक आहे. डिझेल गाडीत ती कधीच येत नाही, कारण तिथे स्पार्क प्लग नसतो. आधी प्लगवरचा नंबर वाचा. कित्येक प्लगांच्या नंबरात ‘आर’ हे अक्षर म्हणजे आत रेझिस्टर असल्याची खूण. जुन्या जीपमध्ये साधे प्लग असतात. इंजिनाला चालणारे रेझिस्टर प्लग मिळत असतील तर ते बसवा, प्लगच्या वायरीही कार्बन गाभ्याच्या घ्या. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. एखाद्या वायरीवरून निळसर ठिणग्या उडताना दिसल्या तर ती वायर गेली. इग्निशन कॉइलवर छोटा कंडेन्सर असतो, तो जागेवर आहे का बघा. बॉनेट आणि बॉडी यांच्यामध्ये विणलेली अर्थिंगची पट्टीही लावा. नवा रंग दिलेल्या बिजागऱ्यांमधून अर्थिंग होत नाही, आणि अर्थिंग नसलेलं बॉनेट इंजिनाचा गोंगाट अडवू शकत नाही.

एवढं झाल्यावर सेटवर अँटेनाच्या भोकाजवळ एक बारीक स्क्रू शोधा. जुन्या सेटवर तो बहुधा असतो, कधी बटणाच्या मागे लपलेला. अँटेना पूर्ण वर ओढा, १४०० किलोहर्ट्झच्या आसपास एखादं अगदी कमजोर स्टेशन लावा, तेही नसेल तर नुसता फस्स आवाज चालेल, आणि तो सर्वांत मोठा होईपर्यंत स्क्रू हळूहळू फिरवा. अँटेना बदलली की हे पुन्हा करायचं असतं. तुमच्या सेटवर गेल्या कित्येक वर्षांत कुणी ते केलेलं नसण्याचीच शक्यता जास्त, त्यामुळे फरक लगेच कानाला कळेल.