वाचकांचे प्रश्न : रेघेवरची गाडी वळणावर का भरकटते?

प्रश्न : मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. विद्युत परिपथाच्या प्रात्यक्षिकासाठी आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) हाती घेतला आणि मलाच रोबोटिक्सची गोडी लागली. आता मुलांसोबत काळ्या रेघेवरून जाणारी गाडी करते आहे. आर्डुइनो उनो, एल२९८एन ड्रायव्हर (मोटरींना वीज पुरवणारा बोर्ड), दोन बीओ मोटरी (गिअर असलेल्या छोट्या मोटरी), दोन आयआर म्हणजे अवरक्त किरणांचे सेन्सर आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी वापरली आहे. मोटरी सुरू झाल्या की आर्डुइनो रीसेट होतो. कधी गाडी चाललीच, तर वळणावर रेघ सोडते. काय चुकतंय?

उत्तर : आधी ती बॅटरी काढा. चौकोनी बॅटरीचा अंतर्गत रोध जास्त असतो. मोटर सुरू होताना प्रवाह एकदम वाढतो, व्होल्टेज कोसळतं आणि आर्डुइनो रीसेट होतो. त्यात एल२९८एन स्वतःच सुमारे २ व्होल्ट खातो. १.२ व्होल्टचे ६ रिचार्जेबल एए सेल एकसरीत जोडा, म्हणजे ७.२ व्होल्ट मिळतील. सेलची धन तार ड्रायव्हरच्या १२ व्होल्ट लिहिलेल्या टर्मिनलला आणि आर्डुइनोच्या व्हीआयएन पिनला (बाहेरची वीज घेणारी पिन) द्या. सेल, ड्रायव्हर आणि आर्डुइनो यांचे ग्राउंड (ऋण टोकं) एकत्र जोडलेले हवेतच. ही एक तार राहिली, तर गाडी कशीही वागते आणि मुलं प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात.

आता वळण. चाकं हवेत राहतील अशी गाडी उचलून धरा आणि सेन्सर कागदापासून साधारण १ सेंटिमीटरवर आणा. पांढऱ्यावर सेन्सरच्या मॉड्यूलवरचा (छोट्या पट्टीवरचा) छोटा दिवा लागला पाहिजे, रेघेवर विझला पाहिजे. तसं होत नसेल, तर मॉड्यूलवरचा स्क्रू अगदी थोडा-थोडा फिरवा. हे गाडी चालवणार त्याच जागी करा. खिडकीतून येणाऱ्या उन्हात अवरक्त किरण असतात आणि सकाळचं सेटिंग दुपारी बिघडतं. रेघ कशाने काढली तेही पाहा. काही स्केचपेनची काळी शाई अवरक्त किरण शोषतच नाही, त्यामुळे आपल्याला काळी दिसणारी रेघ सेन्सरला पांढरीच वाटते. चकचकीत टेपही फसवते. मॅट काळी टेप, साधारण २ सेंटिमीटर रुंद, उत्तम.

एवढं करूनही रेघ सुटली, तर वेग कमी करा. ड्रायव्हरच्या ईएनए आणि ईएनबी या वेगाच्या पिनांवरचे जंपर (छोट्या जोडटोप्या) काढून त्या पिना आर्डुइनोच्या पीडब्ल्यूएम पिनांना (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग बदलणाऱ्या) जोडा आणि २५५ (पूर्ण वेग) पैकी १३० पासून सुरुवात करा. फारच कमी ठेवलं, तर मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. प्रोग्राममध्ये मोठा डिले (थांबण्याची आज्ञा) असेल तर तो काढाच. त्या वेळात सेन्सर वाचलाच जात नाही आणि गाडी पुढे निघून जाते.

प्रश्न : किट थोडी, मुलं खूप. काम कसं वाटावं?

उत्तर : एका गाडीवर चार जण : जोडणी, प्रोग्राम, मल्टिमीटर आणि नोंदवही. प्रत्येक तासाला कामं बदला, नाहीतर प्रोग्राम कायम एकाच मुलाकडे राहतो. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहूनच गाडी सोडायची, हा नियम मात्र कडक पाळा. बीओ मोटरीच्या तांब्याच्या पट्ट्या तार ओढली की तुटतात. म्हणून तारा आधीच सोल्डर करून मोटरीला केबल टायने बांधून द्या.