एकमेकींना जोडलेल्या दोन एक्सेल फाइल दुसऱ्याला पाठवल्या की आकडे का बिघडतात?

तुम्ही लिहिलंय की दरांची एक फाइल, तिच्यावरून आकडे उचलणारी दुसरी, आणि सीएंच्या कॉम्प्युटरवर उघडल्यावर कुठे रेफचा एरर (#REF!, म्हणजे पत्ता सापडला नाही) तर कुठे जुनेच आकडे. एरर परवडला हो, निदान दिसतो तरी. जुना आकडा गप्प बसून घात करतो.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कॉस्टिंग बघतो. 'दर' फाइलीत पिग आयर्न, भंगार, फेरोसिलिकॉनचे भाव. 'कॉस्टिंग'मध्ये एकेका कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागाचा, खर्चाचा हिशेब. एकदा साहेबांनी घरून कॉस्टिंग मागितलं, मी तेवढी एकच फाइल मेल केली. सकाळी 'दर'मध्ये भाव बदलला होता, पण त्यानंतर 'कॉस्टिंग' उघडून सेव्ह करायचं राहिलं होतं. साहेबांच्या लॅपटॉपवर एक्सेलने 'अपडेट करू का' विचारलं, ते हो म्हणाले, 'दर' काही सापडली नाही, आणि आधीचे साठवलेले आकडे तसेच राहिले. कोटेशन जुन्या भावाने गेलं. त्या दिवशी काय काय ऐकलं ते इथं लिहीत नाही.

जोडलेल्या सेलमध्ये नुसता आकडा नसतो, मूळ फाइलीचा पत्ता असतो. मूळ फाइल बंद ठेवून फॉर्म्युला बारमध्ये बघा: ड्राइव्ह, फोल्डर, मग चौकोनी कंसात फाइलचं नाव. पण दोन्ही फाइल एकाच फोल्डरमध्ये असल्या, तर बारमध्ये पूर्ण पत्ता दिसत असूनही एक्सेल आतून 'माझ्या शेजारची फाइल' एवढंच धरून ठेवतं. म्हणून अख्खा फोल्डर उचलून द्या, नावं बदलू नका. झिप केलीत तर समोरच्याला आधी एक्स्ट्रॅक्ट करायला सांगा. झिपमध्येच डबल क्लिक केलं की फाइल एकटीच कुठल्यातरी टेंपररी फोल्डरमध्ये उघडते. दुसऱ्यांदा डाउनलोड केलेल्या फाइलीच्या नावामागे कंसात एक लागतो, त्यानेही जोड तुटते. तुटलीच, तर डेटा टॅबमध्ये एडिट लिंक्स, नव्या एक्सेलमध्ये वर्कबुक लिंक्स, तिथून चेंज सोर्स. फॉर्म्युल्यात इनडायरेक्ट (INDIRECT, मजकुरात लिहिलेल्या पत्त्यावरून आकडा आणणारं फंक्शन) असेल तर मूळ फाइल उघडी नसताना रेफ येणारच. तुमचा एरर बहुतेक तिथलाच.

आता खरं विचारायचं ते: सीएंना जोड हवीय कशाला? त्यांना आकडे हवेत. दोन्ही फाइल उघडा, आकडे ताजे करा, सेव्ह ॲज करून कॉपी काढा आणि कॉपीत ब्रेक लिंक मारा. थेट जोडलेल्या फॉर्म्युल्यांच्या जागी नुसते आकडे राहतात; इनडायरेक्टवाले फॉर्म्युले मात्र याने बदलत नाहीत. हे अनडू होत नाही, म्हणून मूळ फाइलीत चुकूनही नको.

गिऱ्हाइकाला पाठवताना तर हे कराच. जोडलेल्या फाइलीच्या पोटात मूळ फाइलीतले उचललेले आकडे साठवलेले असतात. व्हीलूकअपला (VLOOKUP, तक्त्यातून आकडा शोधणारं फंक्शन) दरांचा अख्खा तक्ता दिला असेल तर तो तक्ताच सोबत जातो. म्हणजे तुमचा खरेदीचा भाव गिऱ्हाइकाच्या हातात!

सीएंशी रोजची देवाणघेवाण असेल तर गूगल शीट्समध्ये इम्पोर्टरेंज (IMPORTRANGE, दुसऱ्या शीटमधले आकडे आणणारं फंक्शन) वापरा. पहिल्यांदा 'अलाउ ॲक्सेस' दाबावं लागतं, आणि ते दाबणाऱ्याला मूळ शीट बघायची परवानगी लागते. मात्र ती शीट एक्सेलमध्ये डाउनलोड केली की जोड गेलीच समजा.